जुना मालवाहू टेंपो निवडताना : जागा नव्हे, भार पाहा

शेतमाल पिकविण्यास जेवढी मेहनत लागते, तेवढीच दक्षता तो वेळेवर आणि न दुखावता बाजारात पोचविण्यास लागते. तोडलेला टोमॅटो, काढलेली मेथी किंवा भरलेले दुधाचे कॅन भाड्याच्या वाहनाची वाट पाहत थांबू शकत नाहीत. वाहन उशिरा आले की भाव हातचा जातो आणि मग मिळेल त्या दराने माल विकावा लागतो. यामुळे अनेक गावांतील बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि चार-सहा भाऊबंद एकत्र येऊन स्वतःचे मालवाहू वाहन घेण्याचा विचार करतात. नवे वाहन परवडत नाही म्हणून साहजिकच जुन्याकडे दृष्टी वळते.

जर्मनीतील हँबुर्ग येथील कारखान्याच्या सहकार्याने १९५८ मध्ये आपल्याकडे तीनचाकी टेंपोचे उत्पादन सुरू झाले आणि तेव्हापासून ‘टेंपो’ हा शब्द मराठी बोलीत इतका रुळला, की आज कोणत्याही कारखान्याच्या लहान-मध्यम मालवाहू वाहनास आपण टेंपोच म्हणतो. पुढे मॅटाडोर आली. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली. ही वाहने दणकट म्हणून नावाजली आणि त्यांचा हा लौकिक खोटा नाही. परंतु दणकट वाहन म्हणजे वाटेल तेवढा भार नेणारे वाहन, असा जो समज त्यातून रूढ झाला, तो मात्र घातक आहे. विकणारा हौद्याची लांबी-रुंदी दाखवितो, घेणारा त्यात किती गोण्या बसतील हे मोजतो आणि सौदा ठरतो. वास्तविक वाहनाची निवड हौद्याच्या जागेवरून करावयाची नसते. ते कायद्याने व सुरक्षितपणे किती भार नेऊ शकते यावरून करावयाची असते. ही गोष्ट सौद्यापूर्वी कशी तपासावी, याचा विचार या लेखात केला आहे.

तीन आकडे

प्रत्येक वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे ज्यास आपण आर. सी. बुक म्हणतो त्यावर, वजनाचे दोन आकडे असतात. पहिला रिक्त वजनाचा. वाहन नेहमीच्या साधनसामग्रीसह, परंतु चालक, मदतनीस व माल यांवाचून जेवढे भरते, ते त्याचे रिक्त वजन. दुसरा आकडा भारासह एकूण वजनाचा. वाहन, इंधन, चालक, मदतनीस, माल, ताडपत्री, दोर हे सर्व मिळून ज्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये, ती ही मर्यादा. पहिला आकडा दुसऱ्यातून वजा केला, की तिसरा आकडा मिळतो. तोच आपल्या कामाचा. त्यातून चालक व मदतनीस यांचे वजन वगळले, की मालासाठी काय उरते ते कळते.

जुन्या वाहनाच्या बाबतीत मात्र कागदावरील वजाबाकीवर विसंबून भागत नाही. वाहन वापरात असताना ते हळूहळू जड होत जाते. एक मालक हौद्याच्या तळाला लोखंडी पत्रा ठोकतो, दुसरा फाळके उंच करतो, तिसरा टपावर कॅरियर बसवितो, चौथा मागच्या कमानपाट्यांत दोन पाने वाढवितो. यातील प्रत्येक बदलाने मालाचा वाटा कमी होतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे भरलेल्या वाहनाचे वजन नोंदलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक असणे जसे निषिद्ध आहे, तसेच रिकाम्या वाहनाचे वजन नोंदलेल्या रिक्त वजनापेक्षा अधिक असणेही निषिद्ध आहे. म्हणजे असे वाहन माल भरण्यापूर्वीच नियमभंग करीत असते.

म्हणून पहिला नियम असा, की विसार देण्यापूर्वी वाहन रिकामे करून, इंधनाची टाकी भरून, जवळच्या वजनकाट्यावर न्यावे व पावती घ्यावी. काट्याची पावती थोडक्या पैशांत मिळते. पण तिने कित्येक हजारांचे नुकसान टळते.

एक हिशेब

समजा, एका टेंपोच्या नोंदणी प्रमाणपत्रावर रिक्त वजन २,७५० किलो आणि एकूण वजन ५,३०० किलो आहे. कागदावरून २,५५० किलो भार नेता येईल असे दिसते. ५० किलोच्या कांद्याच्या गोणीचा हिशेब धरला तर ५१ गोण्या. आता हेच वाहन रिकामे असताना काट्यावर ३,०५० किलो भरले, असे समजू. मर्यादा ५,३०० किलोचीच राहते. म्हणून शिल्लक २,२५० किलो. चालक व मदतनीस यांचे मिळून १४० किलो वगळले, की उरले २,११० किलो, म्हणजे ४२ गोण्या. कागदावरून धरलेल्या ५१ गोण्यांपैकी ९ गोण्या वाहनाच्या वाढलेल्या अंगाने व बसणाऱ्या माणसांनी खाल्ल्या.

विकणारा म्हणतो, “यातून ८० गोण्या सहज जातात.” ८० गोण्या म्हणजे ४,००० किलो. वाहन, माणसे व माल मिळून ७,१९० किलो झाले. म्हणजे मर्यादेपेक्षा १,८९० किलो अधिक. वाहन जाईलही, आजवर गेलेही असेल. परंतु ज्या वाहनातून नेहमी ८० गोण्या गेल्या आहेत, त्याचा सांगाडा, पाटे, ब्रेक व चाकांचे बेअरिंग हे सर्व तेवढेच झिजलेले असणार. तेव्हा विकणाऱ्याचे हे वाक्य वाहनाची शिफारस म्हणून ऐकू नये. ती त्याच्या झिजेची कबुली समजावी.

आपला माल कसा आहे?

मालाचे दोन प्रकार मानावेत. काही मालाने जागा आधी भरते. कापूस, कडबा, पालेभाज्या, फुले, रिकामे क्रेट हे त्यातले. काही मालाने वजन आधी भरते. धान्य, कांदा, बटाटा, खताच्या गोण्या, ओले शेणखत, दूध हे दुसऱ्या प्रकारातले. पहिल्या प्रकारासाठी लांब व उंच हौद्याचे, परंतु मध्यम भारक्षमतेचे वाहन चालते. दुसऱ्या प्रकारासाठी हौदा आखूड असला तरी चालेल. पण सांगाडा, मागचा आस व टायर अधिक क्षमतेचे हवेत.

हौद्याची जागा किती फसवी असते हे गव्हाच्या उदाहरणाने दिसेल. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ५ फूट उंच हौदा म्हणजे ३०० घनफूट, अर्थात सुमारे साडेआठ घनमीटर. गव्हाचा एक घनमीटर साधारण ७५० किलो भरतो. असा हौदा काठोकाठ भरला तर गहूच ६ टनांहून अधिक होईल. त्या वाहनाची भारक्षमता २,४०० किलो असेल तर गव्हाचा थर दोन फुटांच्याही आतच थांबविला पाहिजे. वरचे तीन फूट रिकामे दिसतात आणि तेच मोहात पाडतात.

दुधाच्या बाबतीतही पिकअपचा हौदा पाहून कॅन मोजू नयेत. ४० लिटरच्या कॅनमध्ये सुमारे ४१ किलो दूध असते. कॅनचे वजन त्याहून वेगळे. प्रत्येक गटाने वर्षभराच्या मालाची अशी यादी करावी, सर्वात जड फेरी कोणती ते पाहावे आणि त्या फेरीस पुरेल एवढ्या क्षमतेचे वाहन शोधावे. वर्षातून दोनच वेळा मोठी फेरी पडत असेल, तर त्या दोन वेळा भाड्याचे मोठे वाहन करणे स्वस्त पडते. बाराही महिने मोठे वाहन पोसण्यात शहाणपण नाही.

वजनाच्या पायऱ्या

येथे दोन शब्दांतील फरक नीट ध्यानी घ्यावा. वाहन चालविण्यासाठी माणसास मिळते ती अनुज्ञप्ती. व्यवसायासाठी माल वाहून नेण्यास वाहनास मिळतो तो परवाना. बोलताना आपण दोहोंसही ‘लायसन’ किंवा ‘परमिट’ म्हणतो आणि घोटाळा करून बसतो.

पहिली पायरी ३,००० किलो एकूण वजनापर्यंतची. कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे एवढ्या एकूण वजनाच्या मालवाहू वाहनास परवाना लागत नाही. परंतु नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र, विमा, कर व प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र यांतून त्याची सुटका नाही. लहान शेतकरी गटास ही पायरी बहुधा सर्वात सोयीची ठरते.

दुसरी पायरी ३,००० ते ७,५०० किलोंची. येथे परवाना आवश्यक आहे. चालकाकडे हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असल्यास त्याला हे वाहन चालविण्यासाठी वाहतूक वाहनाच्या वेगळ्या नोंदीची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला होता. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तोच कायम केला. अर्थात, धोकादायक पदार्थांची वाहतूक यासारख्या कामांसाठी असलेल्या विशेष अटी त्याने सुटत नाहीत.

तिसरी पायरी ७,५०० किलोंच्या वरची. १२,००० किलोंपर्यंत मध्यम व त्यापुढे जड मालवाहू वाहन. यासाठी वाहतूक वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती हवीच. आणि ती शिकण्याची अनुज्ञप्तीदेखील हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष असल्याखेरीज मिळत नाही. गावात असा चालक नसेल, तर वाहन अंगणात उभे राहील किंवा अपात्र माणसाच्या हाती जाईल. यातील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी महाग पडते.

दोन गैरसमज येथेच दूर केलेले बरे. ट्रॅक्टरच्या बाबतीत ७,५०० किलोंची मर्यादा रिक्त वजनावर मोजली जाते. मालवाहू वाहनाच्या बाबतीत ती भारासह एकूण वजनावर मोजली जाते. ट्रॅक्टरचा अनुभव असलेल्या शेतकऱ्याने हा फरक विसरू नये. दुसरे असे, की मोठ्या वाहनात थोडा माल भरल्याने त्याचा वर्ग बदलत नाही. ९ टनांच्या नोंदणीच्या वाहनात दोनच टन माल असला तरी ते मध्यम मालवाहू वाहनच राहते. नोंदणीतील आकडा पाहावयाचा, त्या दिवशीचा भार नव्हे.

जादा भाराची खरी किंमत

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा भाराबद्दल २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरविल्याखेरीज वाहन पुढे सोडले जात नाही व उतरविण्याचा खर्चही सोसावा लागतो. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उतरविलेल्या भाजीचे काय होते, हे सांगावयास नको.

परंतु दंड ही त्यातली लहान बाब होय. वरील उदाहरणातील ७,१९० किलोंच्या वाहनास त्याच वेगावरून थांबवावयाचे, तर ब्रेकला ५,३०० किलोंच्या मानाने सुमारे ३६ टक्के अधिक शक्ती जिरवावी लागते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. कसारा, माळशेज किंवा आंबा घाटाच्या उतारावर मात्र ब्रेक सतत दाबून धरल्याने ड्रम तापतात, अस्तरांची पकड सैल होते आणि पाय दाबूनही वाहन थांबत नाही. म्हणून भरलेले वाहन उतारावर खालच्या गिअरमध्ये न्यावे व इंजिनाच्या ओढीनेच वेग आवरावा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नये.

पाटे वाढविल्याने क्षमता वाढते, हाही एक खोटा दिलासा आहे. पाट्यांची पाने वाढविली तर वाहन बसत नाही एवढेच. आस, बेअरिंग, टायर, सांगाडा व ब्रेक जुनेच राहतात. वाहन वाकलेले दिसत नाही म्हणून भार अधिक झाल्याची खूणही नाहीशी होते. माल भरतानाही जड गोण्या चालकाच्या केबिनकडे व तळाशी ठेवाव्यात. मागे फाळक्याबाहेर भार लोंबत राहिला, तर पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग हाताला लागत नाही.

मालावर मजूर बसविण्याची चाल तर सर्वथा सोडली पाहिजे. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यास सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले आहे. परंतु मालवाहू वाहनातून फुकट किंवा भाड्याने नेलेल्या इतर प्रवाशांस ते मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ पासूनच्या निर्णयांत स्पष्ट केले आहे. कापणीहून परतणारे दहा मजूर गोण्यांवर बसले आणि वाहन उलटले, तर त्यांच्या कुटुंबांच्या भरपाईचा बोजा वाहनमालकावर येऊ शकतो. चालकाकडे योग्य अनुज्ञप्ती नसल्यास विमा कंपनी दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मालक म्हणजे गट असेल, तर प्रत्येक सभासदाची पुंजी त्यात अडकते.

यंत्राची पारख

वाहन पाहण्यास सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि ओळखीचा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला मिस्त्री बरोबर न्यावा. आधीच इंजिन तापवून ठेवलेले असेल, तर ते निवेपर्यंत थांबावे. थंड इंजिन चटकन सुरू होते काय, निळा धूर सतत येतो काय, हे पाहावे. सतत निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळत असल्याची खूण. भार पडताच काळ्या धुराचे लोट येणे ही इंधनपुरवठ्यातील किंवा हवेच्या मार्गातील दोषाची खूण.

इंजिनापेक्षाही सांगाड्याकडे अधिक लक्ष द्यावे. इंजिन दुरुस्त होते. पिचलेला सांगाडा माणसाचा घात करतो. मागच्या पाट्यांच्या आधारापाशी, केबिन व हौद्याच्या मधल्या भागात आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांशी टॉर्च लावून पाहावे. नव्याने मारलेला काळा रंग, जोडलेला तुकडा किंवा वेल्डिंगची जाड रेघ दिसल्यास मिस्त्रीचे मत घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. किनाऱ्याकडील वाहन असेल तर खाऱ्या हवेचा गंज तळातून तपासावा. हौद्याच्या तळाची फळी उचलून पाहण्याचा संकोच करू नये.

टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुना, भेगाळलेला टायर भाराखाली फुटतो. टायरवर छापलेली भारक्षमता मागच्या आसावरील भारास पुरेशी आहे काय, हेही पाहावे. शेवटी वाहन रिकामे नव्हे, तर मर्यादेतील भार घालून चालवून पाहावे. चढावर गिअर निसटतो काय, क्लच घसरतो काय, ब्रेक एका अंगाला ओढतो काय, हे रिकाम्या वाहनात कळत नाही. ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत नाहीत, असे वाहन कितीही स्वस्त असले तरी टाळावे. हंगामात आठ दिवस उभ्या राहिलेल्या वाहनाचा तोटा किमतीतील बचतीपेक्षा मोठा असतो.

कागदपत्रे

प्रथम सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी अक्षरशः ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असल्यास तो उतरविल्याची नोंद झाली आहे काय, कर भरला आहे काय, थकलेले दंड आहेत काय, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहनवर पाहता येते.

वाहतूक वाहनास चालू योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच कायद्याने वैध मानली जात नाही. ८ वर्षांहून जुन्या वाहनाचे हे प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते; १५ वर्षांहून जुन्या वाहतूक वाहनांसाठीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढले. वय वाढेल तसा हा खर्च वाढतो. म्हणून वाहनाची किंमत ठरविताना पुढील तीन वर्षांचे शुल्क, कर व विमा यांची बेरीज प्रादेशिक परिवहन कार्यालयातून विचारून घ्यावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध घातल्यानंतर तिकडील वाहने स्वस्तात इतरत्र विकली जाऊ लागली. अशा परराज्यातील वाहनासाठी नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी व येथील कर हे सर्व लागते. स्वस्त दिसणारा सौदा तेथे महाग होतो.

मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करावा. परवाना वाहनाबरोबर आपोआप येत नाही. प्राधिकरणाच्या अनुमतीनेच तो नव्या मालकाच्या नावे होतो. “कागद नंतर करू” या बोलीवर वाहन घेणेही वाईट आणि देणेही वाईट. नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. म्हणजे विकून मोकळा झालेला शेतकरीदेखील दुसऱ्याच्या अपघाताच्या भरपाईत गुंतू शकतो.

ग्रामसेवकांनी काय करावे

गटाच्या बैठकीत वाहनाचा विषय निघाल्यास ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी फळ्यावर चार ओळी लिहाव्यात : आपली सर्वात जड फेरी किती किलोंची, गावातील चालकाची अनुज्ञप्ती कोणत्या वर्गाची, वाहनाचे नोंदलेले एकूण वजन किती, आणि काट्यावरील रिक्त वजन किती. या चार ओळी जुळल्या तरच किमतीची बोलणी करावीत. वाहन घेतल्यावर मालाची मर्यादा गोण्यांच्या संख्येत काढून केबिनच्या दारावर रंगाने लिहावी. ‘कांदा ४२ गोण्या’ असे दारावर लिहिलेले असले, की भरणाऱ्या मजुरास तोंडी सांगावे लागत नाही आणि चालकास भिडेपोटी त्रेचाळिसावी गोणी घ्यावी लागत नाही. किल्ली कोणाच्या हाती द्यावयाची, याचा लेखी ठराव करावा व त्या माणसाच्या अनुज्ञप्तीची मुदत दर सहा महिन्यांनी पाहावी.

जुने वाहन घेण्यात कमीपणा नाही. नीट पारखलेला, मर्यादेत भरलेला व वेळेवर निगा राखलेला जुना टेंपो गावच्या मालास वर्षानुवर्षे बाजार दाखवितो. बैलाच्या अंगावर किती ओझे घालावे, हे आपल्या वाडवडिलांस न लिहिताही कळत होते. लोखंडी वाहनाच्या बाबतीत ते लिहून दिलेले आहे. तो आकडा सौद्यापूर्वी वाचावा आणि सौद्यानंतर प्रत्येक फेरीस पाळावा.